इंजिनाची तहान

खैरवाडी स्टेशनावर उतरणारं माणूस विरळाच. दौंड-मनमाड लाईनीवर श्रीरामपूरच्या अलीकडं हे एवढंसं स्टेशन. पॅसेंजर थांबायची ती मोजून एक मिनिट, आणि तेवढ्यात एखादी म्हातारी गाठोडं सावरत उतरली तर उतरली. मग इथं स्टेशन बांधलं कशाला, असं कुणी विचारलं की गोजरबाई म्हणायची, "मानसांसाठी न्हाईच बांधल्यालं. इंजिनासाठी बांधलंय."

आणि ते काही खोटं नव्हतं. खैरवाडीच्या विहिरीला बारमाही गोडं पाणी होतं, बॉयलरला मानवणारं. पंपानं ते उंच टाकीत चढायचं, टाकीतून रुळाकडेच्या लोखंडी नळात यायचं. हा नळ वरून वाकलेला, तोंडाला कातडी पिशवी लोंबणारी. त्याला सगळे सोंड म्हणायचे. मालगाडी आली की काळं धूड बरोबर सोंडेखाली उभं राहायचं, खालून रंगनाथ चाक फिरवायचा आणि वीस मिनिटं इंजिन घटाघटा पाणी प्यायचं. हा रंगनाथ म्हणजे स्टेशनचा पंपखलाशी आणि गोजरबाईचा नवरा. चाळीस माणसांत उठून दिसेल असं त्याच्यात काही नव्हतं. बोलणं कमी, विडी जास्त. पण चाक फिरवताना तो असा उभा राहायचा, की वाटावं, या माणसाच्या परवानगीशिवाय हिंदुस्थानातलं एक चाक हलणार नाही.

आता गोजरबाईचं सांगायचं. तिचं माहेर पाथर्डीकडच्या कोरड्या डोंगरांत. तिथली माणसं बैलगाड्या जुंपून ऊसतोडीला जायची, आणि बैल हेच घरचं दैवत. तिच्या बापाचा दंडक होता, दावणीची जनावरं पाणी प्यायल्याखेरीज घरात कुणी घोट घ्यायचा नाही, मग जीव कासावीस होवो. आणि जनावरांतही पहिला मान गाभणीचा. गाभण गाय आधी, दुभती मग, बैल शेवटी. हे दोन कायदे पदरात बांधून ती अठ्ठेचाळीस साली लग्न होऊन खैरवाडीच्या रेल्वे खोलीत आली, आणि बघते तर काय, दावणच नाही. दारात बैल नाही, शेळी नाही, कोंबडीसुद्धा मास्तरांची. नवऱ्याचं एकच जनावर, तेही कोळसा खाणारं.

मग पंचावन्न साली एका दुपारी मालगाडीला गुरांचे तीन डबे लागून आले. सांगोल्याकडच्या बाजारातली खिलार जनावरं खानदेशात निघाली होती. इंजिन पुढं पाणी पीत होतं, आणि मागं एक बैल जिभेनं दाराचा लोखंडी गज चाटत होता. गोजरबाई पदर खोचून बादली घेऊन धावली. ती जी धावली ती पुढं अठरा वर्षं धावतच राहिली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पगार लावला नव्हता. रॉकेलची चार रिकामी पिंपं तिनं मिळवली, तुपाच्या डब्यांना तारेची कडी लावून बादल्या केल्या. सिग्नल पडला की पिंपं भरून तयार. गुरांसोबत डब्यातून जाणारी माणसं वरून हात खाली करायची, गोजरबाई खालून डबा द्यायची. वीस मिनिटांत तीन डबे म्हणजे जनावरामागं पाण्याचा एकेक डबा, तो पण घाईघाईचा. रंगनाथ चेष्टेनं म्हणायचा, "मी काळ्याला पाजतो, तू गोऱ्यांना पाज." ती म्हणायची, "तुमच्या काळ्याला शेपूट न्हाई म्हनून बरं हाय, न्हाईतर रोज तुमाला फटके बसलं असतं."

आणि बापाचा दंडक तिनं खैरवाडीतही पाळला. गुरांची गाडी येणार असं कळलं की ती येऊन जाईपर्यंत गोजरबाई पाण्याला शिवायची नाही. गाडी चार तास उशिरा आली तर चार तास. असल्या हट्टापायी भर मे महिन्यात तिला दोनदा भोवळ आलेली. रंगनाथ रागावून मोकळा व्हायचा, ऐकायची कोण?

आता एक गोष्ट आहे ती सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

सत्तर सालचा मे महिना. दुपारची गाडी, गुरांचे तीन डबे. शेवटच्या डब्यात दिवस भरलेली एक गाय होती, म्हणून रीतीप्रमाणे गोजरबाई पहिले दोन डबे ओलांडून थेट शेवटाला गेली. जाताना पहिल्या डब्याच्या दारात एक खानदेशी म्हातारा हात पुढं करून उभा होता. त्याच्यामागं पांढराशुभ्र बैल, शिंगांना लाल गोंडे. गोजरबाई त्याला म्हणाली, "आले बाबा, गाभण हाय तिकडं, तिला पाजून आलेच." म्हातारा समजूतदार, मान हलवून थांबला. पण त्या दिवशी ड्रायव्हर उशिरात होता, आणि मागच्या स्टेशनात अर्धी टाकी भरून आला होता. आठव्या मिनिटाला तो ओरडला, "बस कर रे, बंद कर." गोजरबाईनं ते लांबून ऐकलं. तिनं पदर उंच धरून हलवला, थांबा म्हणून. रंगनाथनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. चांगलं डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. आणि चाक फिरवून सोंड बंद केली. पंपखलाशामुळं गाडीला उशीर, असे दोन शेरे त्याच्या नावावर आधीच पडले होते, तिसरा त्याला नको होता. शिटी झाली, गाडी हलली. गोजरबाई भरला डबा घेऊन पहिल्या डब्यामागं पळाली, अर्धं पाणी अंगावर सांडलं, आणि म्हाताऱ्याचा हात तसाच पुढं राहिला.

तिसऱ्या दिवशी त्याच गाडीचा गार्ड परतीला भेटला. तो सहज बोलून गेला की पुढच्या डब्यातला एक गोंडेवाला बैल मनमाडला उतरलाच नाही. रात्रभर कुठंतरी साइडिंगला, बाजूच्या रुळावर, उभी होती गाडी, तिथंच गेला.

गोजरबाई दोन दिवस जेवली नाही. नवऱ्याला सांगितलं, पोट बिघडलंय. रंगनाथनंही विचारलं नाही. गार्डाचं बोलणं त्यानंही ऐकलं होतं. एका खोलीत, एका चुलीपाशी दोघं ती गोष्ट गिळून बसली. फक्त त्या दिवसापासून गोजरबाईनं बापाची रीत मोडली. पहिला डबा तो पहिला, मग त्यात बैल असो की वासरू. एखादी गाभण गाय शेवटी राहिली की ती तिच्या कपाळाला हात लावून म्हणायची, "माफ कर, बाई."

बाहत्तर साली पावसानं दगा दिला. सप्टेंबर आला तरी रानं तांबडीच. छावण्यांकडं जाणारी, चाऱ्याच्या मुलखात जाणारी गुरं गाड्या भरभरून निघाली, आणि गोजरबाईची पिंपं दिवसातून दोनदा रिकामी व्हायला लागली. त्याच महिन्यात एके सकाळी स्टेशनमास्तरांनी दोघांना ऑफिसात बोलावलं. मास्तर सज्जन माणूस, पण कागद दिसला की त्यांच्या आवाजाला इस्त्री व्हायची.

"गोजरबाई, दिल्लीहून खासदार येणार आहेत. संसदेची समिती. तुम्हाला भेटायला."

"मला? मी काय केलं?"

मग मास्तरांनी समजावलं. जनावरांना छळू नये असा कायदा संसदेनं पूर्वीच केला होता. आता रेल्वेतून, ट्रकमधून जनावरं कशी न्यावी याचे नियम सरकारी खात्यानं लिहिले होते. पण खात्यानं लिहिलं म्हणजे झालं असं नव्हे. तो कच्चा मसुदा खासदारांची समिती ओळीओळीनं तपासते, लोकांना विचारते, खटकेल ते काढायला लावते.

"म्हंजी दळान चाळायला बसल्यात," गोजरबाई म्हणाली.

"तसंच. आणि त्या दळणात आपलं नाव आहे." मास्तरांनी कागदावर बोट ठेवलं. मसुद्यात लिहिलं होतं, की इंजिन जिथं पाणी घेतं तिथं गुरांनाही पाणी पाजावं, आणि खाली अशा स्टेशनांची यादी होती. यादीत खैरवाडी. समितीला असं एखादं स्टेशन डोळ्यांनी बघायचं होतं, आणि जिथं खरोखर पाणी पाजलं जातं असं स्टेशन रेल्वेच्या साहेबांना या लाईनीवर एकच सापडलं.

मास्तर खुर्चीत पुढं सरकले. "आता नीट ऐका. या लाईनीवर डिझेल इंजिनं येणार. वर्ष लागेल, दीड वर्ष लागेल, पण येणार. डिझेलला पाणी लागत नाही. पंप बंद होणार आणि रंगनाथची बदली होणार भुसावळला. पण यादी पक्की झाली, खैरवाडीचं नाव सरकारी गॅझेटात छापलं, तर पंपाला कुणी हात लावणार नाही. छापलेल्या नावाला सरकार घाबरतं. रंगनाथच्या नोकरीची तीन वर्षं राहिलीत, ती इथंच निघतील. तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं, यादी बरोबर आहे, व्यवस्था उत्तम आहे. बस."

रंगनाथचा चेहरा उजळला. आणि का उजळू नये? पंचवीस वर्षांची खोली, मागं त्यानं लावलेले दोन पेरू, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे पुष्पावती. त्यांची एकुलती लेक कोसभरावरच्या गावात दिली होती. तिला पाचवा महिना लागला होता. दर गुरुवारी रंगनाथ पेरू घेऊन चालत जायचा आणि लेकीच्या ओट्यावर विडी न पेटवता तासभर बसायचा. भुसावळहून कसला चालत जातोय?

संध्याकाळी भाकरी थापता थापता गोजरबाई म्हणाली, "अवं, एक इचारू? पंप ऱ्हायला, तुमी ऱ्हायला, मी ऱ्हायले. पर डिझेलची गाडी हितं थांबंल का?"

रंगनाथनं विडी पेटवली.

"तिला तहानच न्हाई, तर ती कशापायी थांबंल? यादीत नाव ऱ्हाईल आन् गाडी समोरनं निघून जाईल. मंग मी पिंपं भरून कुनाला पाजू?"

"ते सरकार बगंल," तो म्हणाला. "तुला इचारलंय तेवढंच सांग. लेकीचं बाळातपन तोंडावर आलंय, गोजर. जास्ती शाणपन करू नको."

तो रागानं नाही, अजीजीनं म्हणाला, आणि तेच तिला लागलं. पंचवीस वर्षांत त्यानं तिच्याकडं काही मागितलं नव्हतं. त्या रात्रीपासून समिती येईपर्यंत गोजरबाईच्या डोक्यात एकच जातं फिरत राहिलं. एका बाजूला लेक, आणि दुसऱ्या बाजूला दारातून पुढं आलेला तो म्हाताऱ्याचा हात.

समितीच्या आदल्या दिवशी विभागातला एक साहेब येऊन स्टेशनाला नटवून गेला. कडुनिंबाच्या बुंध्याला चुना, दगडांना गेरू, आणि गोजरबाईच्या पिंपांना, डब्यांना आतून-बाहेरून पांढरा रंग. ती म्हणत होती, "सायेब, आतून नगा लावू." पण साहेबानं ऐकलं तर तो साहेब कसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका खास डब्यातून समिती उतरली. सहा खासदार. अध्यक्ष जाड भिंगाच्या चष्म्याचे, हिंदी बोलणारे एक वयस्क गृहस्थ. त्यांच्या शेजारी एक मराठी खासदार बाई, सुती पातळ, हातात पेन्सिल. मध्ये समितीचे कारकून, मागं रेल्वेचे साहेब. निंबाखाली टेबल, टेबलावर हिरवं कापड, कापडावर पाण्याचे पेले. आणि त्या दिवशी गुरांची गाडी मुद्दाम वेळेवर आणली होती, जे एरवी ब्रह्मदेवालाही जमलं नसतं.

गाडी थांबली. इंजिन सोंडेखाली गेलं, रंगनाथनं चाक फिरवलं. साहेबांनी गोजरबाईला खूण केली. तिनं पांढराधोप डबा भरून पहिल्या दाराशी धरला. बैलानं नाक खाली आणलं, हुंगलं, फुरर्र केलं आणि मान फिरवली. दुसऱ्यानं तेच. तिसऱ्यानं तर डबा शिंगानं उडवला. रंगाच्या वासाचं पाणी कोण पिणार? साहेब घामाघूम. गोजरबाई काही न बोलता खोलीकडं गेली, पलंगाखाली लपवून ठेवलेले सहा जुने मळके डबे घेऊन आली आणि थेट पंपाच्या नळाला लावून भरले. मग काय, सुर्र सुर्र आवाज सुरू झाला. खासदार बाई हसू दाबत कागदावर काहीतरी लिहीत होत्या. अध्यक्ष हातातलं घड्याळ बघत होते. एकोणीस मिनिटांनी इंजिनाचं पोट भरलं आणि शिटी झाली. तिसऱ्या डब्यातली चार जनावरं कोरडीच गेली.

गोजरबाई टेबलापाशी आली ती घामानं निथळत. कारकुनानं पेला पुढं केला. तिनं तो बाजूला सारला.

"पाणी घ्या ना, मावशी," खासदार बाई म्हणाल्या.

"चार ऱ्हायली त्यातली, बाईसायेब. आता न्हाई जायाचं."

बाईंनी ते हिंदीत अध्यक्षांना सांगितलं. अध्यक्षांनी आपल्या तोंडाशी नेलेला पेला हळूच खाली ठेवला.

मग प्रश्न सुरू झाले. किती वर्षं पाजता, किती डबे, कोण मदत करतं. तिनं सांगितलं. शेवटी बाईंनी मसुद्याचा कागद तिच्यासमोर धरला, ती ओळ मराठीत वाचून दाखवली, यादी वाचली. "हे बरोबर आहे ना, मावशी? काही बदल हवा?"

मास्तरांनी तिच्याकडं बघून हळूच मान डोलावली. रंगनाथ पंपाच्या खोलीच्या दारात टोपी हातात घेऊन उभा होता. तो तिच्याकडं बघत होता, तसाच, डोळ्यांत डोळे घालून. गोजरबाईच्या मनात आलं, एवढे तीन शब्द बोलले की झालं. बरोबर हाय, बाईसायेब. पुष्पाचं मूल हातात खेळवायला मिळेल. कोण विचारणार आहे?

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"बाईसायेब, या कागदात बैलाची तहान इंजिनाच्या तहानंला बांधल्याली हाय. आज इंजिन पितंय म्हनून बैल पितोय. उद्या डिझेल येनार, त्याला तहानच न्हाई. मंग बैलानं कुनाकडं बगायचं?"

बाईंनी सावकाश हिंदीत करून सांगितलं. रेल्वेचे साहेब लगबगीनं म्हणाले, डिझेलमुळं गाड्या लवकर पोचतील, पाण्याची गरजच राहणार नाही.

"गाडी पळती कवा आन् उभी ऱ्हाती कवा, ते आमाला रोज दिसतंय, सायेब," गोजरबाई म्हणाली. "साइडिंगला डिझेलची गाडी बी उभीच ऱ्हानार. आन् आज तरी काय? इंजिनानं आदी कुटं पिलं असंल तर हितं ते आठ मिन्टांत उठतंय."

"असं झालंय कधी?" अध्यक्षांनी विचारलं.

"झालंय." आणि मग तिनं सांगितलं. सत्तर सालचा मे, शेवटच्या डब्यातली गाय, पहिल्या डब्यातला लाल गोंड्यांचा बैल, म्हाताऱ्याचा हात, आणि मनमाडला न उतरलेलं जनावर. दोन वर्षं जे नवऱ्यापुढं बोलली नव्हती ते तिनं सहा खासदारांपुढं सांगितलं. कारकून भराभर लिहीत होता.

साहेबांनी वही सरसावली. "आठव्या मिनिटाला पाणी बंद का झालं? चूक कुणाची होती?"

पंपाच्या दारात रंगनाथनं टोपी घट्ट धरली. त्याचा चेहरा राखेचा झाला होता.

"माजी," गोजरबाई म्हणाली. "पयला डबा सोडून मी शेवटाला गेले. चूक माजी."

अध्यक्षांनी साहेबांना हातानं थांबवलं. मग त्यांनीच विचारलं, नियमात काय लिहावं?

"गावाची नावं लिवू नका. तास लिवा. इतक्या तासांनी जनावराला पाजलंच पायजे, मंग गाडी कुटं बी असू द्या, इंजिन काय बी पिऊ द्या. डब्यातच पान्याची कुंडी ठिवा. आन् पाजल्याबिगर गार्डानं हिरवी झेंडी दावायची न्हाई."

"मग खैरवाडीचं नाव यादीतून जाईल, मावशी," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. त्यांना काहीतरी उमगलं होतं. "यादीच जाईल."

"जाऊ द्या," गोजरबाई म्हणाली.

समिती गेली. त्यानंतर रंगनाथ तिच्याशी भांडला असता तर बरं झालं असतं. तो भांडला नाही. मीठ दे, पाणी तापव, गुरवारचं जाऊन येतो, यापलीकडं त्याच्या तोंडातून शब्द निघेना. गोजरबाईही मानी. तिनंही विचारलं नाही. जानेवारीत पुष्पावतीला मुलगी झाली, तेव्हा दोघं एकत्र गेली, एकाच गोधडीवर बसून नातीला मांडीवर घेतली, आणि येताना कोसभर वाट न बोलता चालली. माणसानं किती गप्प राहावं त्यालाही काही ताळतंत्र असतं.

पुढच्या पावसाळ्यात मास्तर एक कागद घेऊन आले. नियम पक्के व्हायला अजून किती वर्षं लागतील ते दिल्लीलाच ठाऊक, पण समितीनं असा काही खरमरीत अहवाल लिहिला होता, की रेल्वेनं नियमांची वाट न बघता आपणहून या लाईनीपुरता हुकूम काढला. गुरांच्या डब्यात कुंड्या बसवायच्या, ठरल्या तासांनी मोठ्या स्टेशनात त्या भरायच्या, भरल्याची सही गार्डाच्या वहीत. मास्तरांनी वाचून दाखवलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "यादी नाही यात. खैरवाडी नाही." गोजरबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." पण कागदावर तिचा विश्वास नव्हता. दिसायला तर तिची पिंपंही पांढरीशुभ्र होती.

त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर डिझेल आलं. आठवड्याभरात सोंड सुकली. महिन्याभरात हुकूम आला, रंगनाथ पंपखलाशी, बदली भुसावळ.

निघायच्या दिवशी पुष्पावती लेकीला कडेवर घेऊन येऊन गेली, रडून गेली. खोलीला कुलूप लागलं. दोन ट्रंका, एक वळकटी, पेरूंची पिशवी आणि ते जुने मळके डबे घेऊन दोघं फलाटावर उन्हात बसली. पॅसेंजरला अवकाश होता. गोजरबाईनं सकाळपासून पाण्याला तोंड लावलं नव्हतं, कारण मास्तरांनी काल सहज सांगितलं होतं, उद्या सकाळी नगरहून गुरांची गाडी आहे. थांबणार नाही, पण आहे. रंगनाथनं ते ओळखलं होतं, आणि वर्षभराच्या सवयीनं तो काही बोलला नाही.

सिग्नल पडला. सवयीनं गोजरबाई उठून पिंपांकडं निघाली, मग आठवलं, तशीच रुळाकडेला उभी राहिली. रंगनाथ तिच्यामागं येऊन उभा राहिला. डिझेल भोंगा वाजवत आलं आणि सोंडेकडं ढुंकूनही न बघता निघून गेलं. मग मालाचे डबे, आणि मग गुरांचे. पहिल्याच दारात एक गडी एका हातानं गज धरून उभा, शेजारी पत्र्याची कुंडी, काठोकाठ हिंदकळणारी. डबा वळणाला हलला आणि त्यातलं पाणी सपकन बाहेर आलं ते थेट दोघांच्या तोंडावर. दारातल्या बैलाचं नाक ओलं होतं, हनुवटीवरून थेंब गळत होते. दुसरा डबा, तिसरा डबा, तसेच. गाडी गेली तेव्हा रुळांमधल्या कोरड्या खडीवर पाण्याची एक ओली रेघ उमटली होती, लांबवर श्रीरामपूरकडं गेलेली.

गोजरबाईनं तोंड पुसलं नाही. ती त्या रेघेकडं बघत राहिली, आणि तिला इतकं बरं वाटलं की ती तिथंच खडीवर खाली बसली.

"गोजर," रंगनाथ म्हणाला. त्याचाही चेहरा ओला होता, आणि सगळं काही कुंडीतलं नव्हतं. "त्या दिशी तू पदर हालीवला, ते मी बगितलं हुतं. बगून बंद केली मी सोंड."

"ठाव हाय मला."

"ठाव हाय? मंग तिथं सांगितलं का न्हाईस? सायेबानं इचारलं तवा?"

"ते नियम तपासाया आलं हुतं," गोजरबाई म्हणाली. "नवरा तपासाया न्हवतं आलं."

रंगनाथनं वळकटीजवळचा मळका डबा उचलला आणि पंपाच्या खोलीमागं गेला. सोंड सुकली होती, पण विहिरीला पाणी होतंच. दोराला बांधून त्यानं डबा आत सोडला, भरून वर घेतला, आणि सांडू न देता, दोन्ही हातांनी धरून, तिच्यासमोर येऊन बसला.

"पिली ती समदी," तो म्हणाला. "आता तू पी."